मुखेडकर सरांची हलकी गाडी

मुखेडकर सरांनी आपल्या बायकोला मोंढ्यातल्या अडत्याच्या काट्यावर उभं केलं, तेव्हा मी तिथं होतो. तिच्या आधी त्या काट्यावर करडीची पोती होती. हमालांनी ती उतरवली, सरांनी रुमालानं पाट्यावरची धूळ झटकली, आणि काकू चपला बाजूला काढून वर चढल्या. पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. हमालांनी मान फिरवली. त्यांना जे कळत होतं ते सरांना कळत नव्हतं. अडत्यानं दांडीवरचं माप सरकवून आकडा सांगितला. सरांनी क्षणभर मनात हिशेब केला आणि म्हणाले, "नाही जमत. तू एस.टी.नं ये."

मागे आमच्या तंत्रनिकेतनाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. परदेशात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एकानं पडद्यावर सरांच्या गाडीचा फोटो दाखवला. आज जगभर गाड्या हलक्या करायच्या मागे लोक लागलेत. आपल्या नांदेडमध्ये एका माणसानं ते दुष्काळात करून दाखवलं, असं तो म्हणाला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, कारण तो म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं. फोटोत सर गाडीच्या बॉनेटवर दोन बोटं टेकवून उभे आहेत. काकू फोटोत नाहीत. त्यामुळे बाकीचं मला सांगावंसं वाटलं.

मी लोहा तालुक्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. जिल्हा परिषदेची शाळा, मग वसतिगृह, मग शिष्यवृत्ती, असं करत शिकलो. ज्यांनी शिकवलं त्यांच्यापुढं हात जोडताना मला अजून विचार करावा लागत नाही. नांदेडला अधिव्याख्याता म्हणून लागलो तेव्हा सरांच्या घरासमोरच खोली मिळाली. सर विभागातले सगळ्यात ज्येष्ठ. ज्याला नमस्कार करायचा असा माणूस दारातच मिळाला, म्हणून मी खूश होतो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली नाही. आधी ती दोन बोटांनी उचलून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "सागवानी आहे. बसणाऱ्यापेक्षा जड." मग खाली ठेवली. बस म्हणालेच नाहीत.

ही त्यांची दोन बोटं सगळीकडे फिरायची. लग्नात आहेर म्हणून आलेला पितळी हंडा, प्राचार्यांची काठी, विद्यार्थ्याची वही, तान्हं मूल, जे दिसेल ते तर्जनी आणि मधल्या बोटावर तोलून बघायचे आणि नाक उडवायचे. प्रत्येक वस्तूत त्यांना वाया गेलेला माल दिसायचा. बैलगाडी म्हणजे बैलावर सूड. कलेक्टरची ॲम्बेसेडर म्हणजे चाकं लावलेलं कपाट. पुरणपोळी म्हणजे पोटात ठेवलेली वीट. मंद माणसाला ते 'लोखंड्या' म्हणायचे, आणि त्यांच्या मते सगळेच मंद होते. मी लोह्याचा आहे हे कळल्यावर तर त्यांना आनंदच झाला. बंगळूरच्या विमानाच्या कारखान्यात त्यांनी काही महिने प्रशिक्षण घेतलं होतं. ते काही महिने त्यांनी पुढं आयुष्यभर पुरवले. बोलणं एकदम स्वच्छ, तोलून मापून. पण राग आला की त्या स्वच्छ बोलण्यातून गावाकडचं मुखेड बाहेर यायचं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. काकूंचं माहेर लातूर. त्यांचे धाकटे भाऊ वसंतराव तिथं अडतीच्या दुकानात मुनीम होते, आणि जिल्हा झाल्यापासून छाती काढून चालायचे. ते नांदेडला आले की आमचा कलेक्टर, आमचं जिल्हा रुग्णालय, आमचा एस.पी. असं सुरू व्हायचं. सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "वसंतराव, पाटी रंगवली म्हणून दुकानात माल येत नसतो." वसंतराव हसायचे. "दाजी, तुमच्या नांदेडात गोदावरी हाय म्हणून बोलायलात. आमच्याकडं टँकर येतो. पण टँकर बी आता जिल्ह्याचा हाय."

टँकरची गोष्ट खरी होती. पावसानं लागोपाठ पाठ फिरवली होती. लोहा, भोकर, हदगावकडं ज्यांनी चार पैसे जमवून शेतात स्प्रिंकलर बसवले होते, त्यांच्या विहिरींनी तळ गाठला. शिंपडायला पाणीच नाही, तर पाईप काय करायचे? हलक्या ॲल्युमिनियमचे ते लांब पाईप लोक भंगारात घालू लागले. देगलूर नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे त्यांचा ढीग लागला. ज्या ढिगाकडे बघून माझ्या वडिलांचे डोळे भरले असते, त्याकडे बघून सरांचे डोळे चमकले. त्यांनी बायकोला पहिल्यांदा आनंदानं हाक मारलेली मी तेव्हा ऐकली. "अगं, चेसिस आलं."

गाडी त्यांच्या परसात उभी राहिली. तिच्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. त्या कामासारखं काम मी त्यानंतर पाहिलेलं नाही. इंजिन जुन्या ऑटोरिक्षाचं, मागे. जिथं इंजिन आणि चाकं लागतात तेवढ्याच जागी लोखंडाची नळी. बाकी सांगाडा स्प्रिंकलरच्या पाईपांचा. तळाला पातळ प्लायवूडचे दोन तक्ते आणि मध्ये थर्माकोल, असा चिकटवलेला पाट, जो मी एका हातानं उचलायचो आणि ज्यावर दोघं जण उड्या मारू शकायचे. वरचं अंग फायबरचं, कूलरच्या टाक्या करणाऱ्याकडून ओतून घेतलेलं.

खरी मेख हे सगळं एकमेकांना जोडण्यात होती. ॲल्युमिनियमला गॅस लावला की नांदेडमधला कुठलाही वेल्डर त्याला भोक पाडून ठेवायचा. म्हणून सरांनी सगळीकडे पट्ट्या लावून रिबिटा मारल्या, टोक ठोकून चपटं करायचे ते खिळे. लाकूड आणि धातूच्या मध्ये बाजारात दोन नळ्यांत मिळणारा पक्का डिंक कालवून भरला. आणि जिथं लोखंडाशेजारी ॲल्युमिनियम येईल, तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली. मी विचारलं, ही कशाला? सर म्हणाले, "दोन धातू एकमेकांना उघडे टेकले आणि ओल आली, की त्यातला हलका असतो तो खाल्ला जातो. म्हणून मध्ये काहीतरी पाहिजे. समजलं का, लोखंड्या?" समजलं. पुढं इतकी वर्षं मी मुलांना हे त्याच शब्दांत शिकवलं, शेवटचा शब्द सोडून.

रिबिट ठोकताना पलीकडून कुणीतरी भार द्यावा लागतो, नाहीतर ती नुसती वाकते. पाईपच्या आत लोखंडी कांब घालून ती रेटून धरायची, मग बाहेरून हातोडी. कांब काकू धरायच्या. भाजी फोडणीला टाकून यायच्या, पदर खोचायच्या, कांब रेटायच्या. ठोका पडला की त्यांचं सगळं अंग हलायचं. त्या गाडीत अशी एक रिबिट नव्हती जिच्या मागे काकूंचा भार नव्हता. डिंकही त्याच कालवायच्या, अंबाडीच्या भाजीच्या जुन्या पातेल्यात. हाताची सालं निघाली तर सर म्हणायचे, कोपरापर्यंत बुडवायला कुणी सांगितलं होतं.

या सगळ्याच्या बदल्यात काकूंनी एकच मागितलं होतं. वसंतरावांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या लग्नाला आपल्या घरच्या गाडीत बसून माहेरच्या दारात उतरायचं. सर हो म्हणाले होते. पहिली फेरी तुझी, हे त्यांनी माझ्यासमोर म्हटलं होतं. काकूंनी ते शेजारीपाजारी सांगितलं, लातूरला पत्रानं कळवलं, आणि साडीही ठरवून ठेवली, सुती, कारण जरीची जड होईल म्हणून.

पेच होता गाडी पास करून घेण्याचा. नांदेडच्या आर.टी.ओ. ऑफिसनं फायबर ठोकून बघितलं आणि हसून परत पाठवलं. वसंतराव म्हणाले, लातूरला आणा. जिल्हा नवा, ऑफिस नवं, साहेबाला अजून नाही म्हणायची सवय लागलेली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी दाखवायची, दुसऱ्या दिवशी वऱ्हाडात मिरवायची. एका फेरीत दोन्ही कामं.

मग सरांनी वजनाचा हिशेब मांडला. वाटेत पेट्रोल मिळेल न मिळेल म्हणून कॅन, एक स्टेपनी, आणि दोन माणसं. त्यातली दोन माणसं हा त्यांना खटकणारा भाग होता. म्हणून मोंढ्यातला तो काटा. काकूंच्या नंतर त्यांनी मला चढवलं. अडत्यानं आकडा सांगितला आणि सर खूश झाले. "हा चालेल. याला बहात्तरच्या दुष्काळानं आधीच बारीक करून ठेवलंय." मी त्या वर्षी खायच्या-वाढायच्या वयात होतो आणि आई खडी फोडायला जायची, हे मीच कधीतरी त्यांना आदरानं सांगितलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं, एवढ्यासाठी.

मी म्हणालो, सर, मी बसनं जातो, काकूंना न्या. सर म्हणाले, भावनेनं एक्सल वाचत नसतं. काकू चपला घालत म्हणाल्या, "जाऊ द्या हो भाऊ. मला बसमधी बरं वाटतं. लोक असतात."

निघायच्या सकाळी काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. सीटखाली ठेवलेला नारळ सरांनी बाहेर काढून त्यांच्या हातात दिला. लग्नघरात प्यायला पाणी नाही म्हणून काकूंनी गोदावरीच्या पाण्याचा कॅन भरून ठेवला होता. तो मागे मावेल का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "पाणी? जगात पाण्याइतकं मूर्ख वजन दुसरं नाही." पान्ह्यांची पेटीही शेवटच्या क्षणी त्यांना जड वाटली. ती काकूंच्या पिशवीत गेली. तर काकू पाण्याचा कॅन, नारळ, आहेराची पिशवी आणि सरांची पान्हे-पेटी घेऊन स्टँडवर गेल्या, आणि आम्ही दोघं मोकळ्या हातानं गाडीत बसलो.

गाडी पळाली. उगाच नावं ठेवायची म्हणून ठेवत नाही. ती छान पळाली. लोह्याच्या पुढं रस्त्याचं काम सुरू होतं, रोजगार हमीचं. बाया खडी फोडत बसल्या होत्या. बाजूच्या मुरमात आमचं मागचं चाक रुतलं आणि गरागरा फिरू लागलं. आम्ही उतरलो, आणि मी मागे पोचायच्या आत त्यातली एक बाई उठली, हात झटकले, आणि मागची बाजू धरून गाडी उचलून कडेला ठेवली. बाकीच्या हसल्या. मग तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. ती आमच्याच वस्तीतली, आईच्या बरोबरीची निघाली.

"अरं, तू न्हाई का तो? लई शिकलास म्हनं," ती म्हणाली. "शिकून सायब झालास अन् पाळण्यात बसलास व्हय?"

मला हसू आलं. सरांना नाही. पण ते रागावलेही नाहीत; उलट फुलले. बघितलंस, बाईनं एका झटक्यात उचलली, असं ते पुढं अहमदपूरपर्यंत म्हणत राहिले. ज्या हातांनी उचलली ते हात त्यांना दिसले नव्हते. तिला ते काहीच बोलले नव्हते. हातही जोडला नव्हता.

अहमदपूरच्या अलीकडे एस.टी.नं आम्हाला गाठलं. बसमधली माणसं खिडक्यांतून वाकून बघायला लागली, पोरं हात हलवायला लागली. एका खिडकीत काकू होत्या. मांडीवर पाण्याचा कॅन, त्यावर नारळ. शेजारची बाई आमच्याकडे बोट दाखवून त्यांना काहीतरी सांगत होती. बहुतेक, बघा हो कसली गाडी. काकूंनी तिला, ती आमचीच, असं सांगितलं असेल का, हे मला माहीत नाही. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि पदर सारखा करून समोर बघायला लागल्या. सर म्हणाले, बघ कसा धूर सोडतेय, लोखंडाचा डोंगर. बस पुढं निघून गेली.

लातूरच्या ऑफिसासमोरच्या मैदानात काकू आणि वसंतराव आमच्या आधी येऊन उभे होते. वऱ्हाडातली दहा-पंधरा माणसं गाडी बघायला आली होती. साहेब तरुण होते, नम्र होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, वाकून खाली बघितलं, चालवायला लावली, ब्रेक बघितले. त्यांना गाडी आवडली, हे दिसत होतं. मग म्हणाले, "सर, चेसिस कुठंय?"

सर हसले. त्यांनी सुरुवात केली ती पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासापासून. चेसिस नावाचा वेगळा तुकडा ही मागासलेली कल्पना आहे. इथं पाईप, पाट आणि अंग मिळून भार घेतात. सगळी गाडी म्हणजेच चेसिस. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पटलं सर," ते म्हणाले. "पण सरकारला चेसिसचा नंबर ठोकायला जागा लागते."

वसंतराव हसले, वऱ्हाड हसलं, आणि सरांचा चेहरा बदलला. साहेबांनी इंजिनाजवळची लोखंडी नळी बघितली, पण ती बोल्टवर होती, काढता येण्यासारखी. नंबर मुख्य सांगाड्यावरच हवा. ते म्हणाले, घाई नाही, एक जाड पट्टी पक्की बसवून आणा, मी पुढच्या आठवड्यात करून देतो. एवढी सरळ गोष्ट होती. पण जाड पट्टी हे शब्द सरांना सहन झाले नाहीत. "एक लोखंड्या म्हनतो म्हनून मी गाडीला लोखंड बांधू?" ते म्हणाले. मुखेड बाहेर आलं होतं. "ठोका. पाईपवरच ठोका."

साहेबांनी दोनदा विचारलं. मग त्यांच्या माणसानं आकड्यांचे पंच आणले आणि दाराखालच्या पाईपवर, रिबिटांच्या ओळीला लागून, नंबर ठोकला. पातळ पाईप. प्रत्येक ठोक्याला तो आत बसत गेला. नंबर उमटला आणि त्याच्याभोवती वाटीसारखा खड्डा झाला. सर वाकले, खड्ड्यावरून अंगठा फिरवला, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "पाईप इथं मेला. आत लाकूड ठोकल्याशिवाय आता यात कुणी बसायचं नाही."

हे त्यांचे शब्द आहेत. मी त्यात काही घातलेलं नाही.

तेवढ्यात साहेब म्हणाले, आता दोन माणसं बसवून एक चक्कर मारा, म्हणजे झालं. आणि काकूंकडे बघून, "वहिनींनाच बसवा की. घरची गाडी आहे." वसंतराव म्हणाले, "बस आक्का, तुझीच गाडी हाय." सगळ्यांच्या नजरा सरांकडे वळल्या. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर पुरे होतं. पण तो उच्चारला तर नंबर वाया गेल्याचं साहेबांपुढं कबूल करावं लागलं असतं. मलाही माहीत होतं, पण सरांच्या आधी बोलायला मी धजलो नाही. सरांनी पुढं होऊन दार उघडून धरलं.

काकूंनी सीटला हात लावून तो कपाळाला लावला. मग बसल्या. सर पलीकडून बसले. गाडी दोन हात पुढं गेली असेल, तेव्हा काकूंच्या बाजूनं पाईप दुमडला. फार आवाज झाला नाही. गाडी त्या अंगाला खाली बसली, फायबरला चीर गेली, आणि काकू तिरप्या होऊन दारावर आल्या. वऱ्हाडातली पोरं हसली.

सर उतरले. कपडे झटकले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी हिला काट्यावर उभं करून सांगितलं होतं."

मी म्हणालो, "सर, पाईप नंबरापाशी दुमडलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. वसंतरावांनी काकूंना हात देऊन बाहेर काढलं. काकू वाकल्या, दुमड बघितली, तिच्यावरच्या आकड्यांना बोट लावलं. ज्या बाईनं त्या पाईपच्या आत कांब धरली होती तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"अंगठा फिरवलात तवाच सांगायचं होतं," त्या सरांना म्हणाल्या. "मी बसले नसते."

मग त्यांनी पाण्याचा कॅन उचलला आणि भावाबरोबर चालत लग्नघरी गेल्या. पान्हे-पेटी तिथंच गाडीजवळ ठेवून गेल्या.

सर लग्नाला आले नाहीत. गाडी कडब्याच्या ट्रकवर टाकून नांदेडला नेली. ती दुरुस्त झाली नाही, कारण कांब धरायला कुणी नव्हतं; काकू लातूरहून परतल्या, पण कांबेला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. सरांनी विद्यार्थ्यांना धरायला लावून बघितलं, त्यांना लोखंड्या म्हणून हाकलून दिलं. पुढं पाऊस पडता झाला, विहिरींना पाणी आलं, आणि सांगाड्यातले सरळ राहिलेले पाईप एका शेतकऱ्यानं स्प्रिंकलरसाठी मागून नेले. प्लायवूडच्या पाटावर काकू पापड वाळत घालायच्या. परदेशातल्या त्या विद्यार्थ्याकडचा फोटो लातूरला जायच्या आधीचा आहे. सर जन्मभर तोच दाखवत आले.

माझी बदली झाल्यावर भेटी कमी झाल्या. सरांना मी शेवटचं पाहिलं ते नांदेडच्या स्टँडवर. ते निवृत्त झाले होते, वाळले होते. काकू तशाच होत्या. दोघं लातूरला निघाले होते, वसंतरावांच्या नातवाच्या बारशाला. पायाशी दोन पिशव्या. मी नमस्कार केला; सरांनी मान हलवली आणि सवयीनं वाकून दोन्ही पिशव्या दोन बोटांनी तोलून पाहिल्या. जड होती ती काकूंच्या हातात दिली.

बस लागली तशी गर्दी दाराकडे पळाली. काकूंनी आपली पिशवी खिडकीतून आत टाकून दोन माणसांची जागा धरली, मग मागच्या दारानं चढून खिडकीशी जाऊन बसल्या. सर गर्दीतून वाट काढत पोचेपर्यंत कडेवर मूल घेतलेली एक थोराड बाई काकूंपाशी येऊन थांबली होती. खिडकी उघडी होती, मी खालीच उभा होतो. तिनं शेजारच्या पिशवीकडं बोट दाखवून विचारलं, "इथं कुणी हाय का?"

सर तिच्या मागेच उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "बसा की."

बाई बसली. सर वरच्या दांड्याला धरून उभे राहिले. कंडक्टरनं घंटी मारली आणि बस लोह्याच्या रस्त्याला लागली. वळणापर्यंत मागच्या काचेतून ते दिसत होते. माणसांच्या दाटीत, मान वाकवून, उभे.